स्टिकर ३०६० चा, आत ३०५०: सेकंडहँड गेमिंग लॅपटॉपमध्ये माझे ७१,५०० कसे अडकले

सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप बघत असाल तर आधी हे वाचा, टोकन नंतर पाठवा. घाईत असाल तर निदान एवढं ध्यानात ठेवा: विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या नावावर जाऊ नका, खाली 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी', म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, लिहिलेली असते ती बघा. नाव कुणीही बदलू शकतो.

मी सांगलीचा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एडिटिंगला गेमिंग लॅपटॉप कशाला, असं विचारणारे भेटतात. ज्याला डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोर-के टाइमलाइन चालवायची आहे त्याला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतंच, आणि तेवढ्याच ताकदीचं 'क्रिएटर' म्हणून विकलं जाणारं मशीन गेमिंगवाल्यापेक्षा महाग पडतं. म्हणून आमच्या धंद्यात निम्मे लोक गेमिंग लॅपटॉपच वापरतात. रात्री धाकट्या भावाबरोबर दोन गेम होतात, तो वरचा फायदा. जुनं मशीन लग्नसराईच्या तोंडावर बसलं आणि नवीन घेण्याएवढे पैसे हातात नव्हते.

जाहिरात पुण्याची होती. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वॉरंटी शिल्लक. किंमत ७८,०००. बोलून ७१,५०० वर आली. "स्वस्त बघून भुललास" असं मला आता जो तो ऐकवतो. त्यांना सांगतो, स्वस्त नव्हताच. तशा लॅपटॉपला तेव्हा जो भाव चालला होता तोच होता. अर्ध्या किमतीत असता तर मी फोनसुद्धा केला नसता. हे लोक आता भाव बरोबर लावतात, म्हणूनच संशय येत नाही.

मी डोळे मिटून गेलो नव्हतो. जायच्या आधी लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरचा फोटो मागवला, त्यावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. तिथे मॉडेल ३०६० चंच आलं, वॉरंटीचे महिनेही शिल्लक दिसले. याहून जास्त सामान्य माणूस काय तपासणार? ते बघूनच मी ५,००० रुपये टोकन यूपीआयने पाठवले.

भेट एका कॅफेत ठरली. "घरी आई आजारी आहे, गडबड नको," असं तो म्हणाला. माणूस तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात "दादा". टेबलाजवळ प्लग नव्हता. चार्जर त्याने दाखवला, पण लावायला जागाच नाही. मी गेम सुरू करून बघितला तर फ्रेम्स कमी येत होत्या. तो लगेच म्हणाला, "दादा, बॅटरीवर आहे ना, चार्जिंगला लावल्याशिवाय कार्ड पूर्ण पॉवर घेत नाही." आता हे खोटं नाही. कुठलाही गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर कार्डाची ताकद कमी करतो, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक असणार हे त्याला ठाऊक होतं. सगळा डाव त्या एका खऱ्या वाक्यावर उभा होता.

मग त्याने स्वतःहून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये गेला, जीपीयूवर क्लिक केलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. उजवीकडे वर नाव होतं, आरटीएक्स ३०६० लॅपटॉप जीपीयू. त्याचं बोट त्या नावावर. मी फोनने स्क्रीनचा फोटो घेतला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे आणि तो उघडला की माझं डोकं फिरतं. वर ३०६०, आणि त्याच फोटोत खाली, बारीक अक्षरांत, डेडिकेटेड मेमरी ४.० जीबी. लॅपटॉपचं ३०६० सहा जीबीचंच येतं. चार जीबीचं ३०६० लॅपटॉपमध्ये नसतंच. आकडा माझ्या नाकासमोर होता. शेजारी ठळक दिसणारी एकूण जीपीयू मेमरी मात्र ११.९ होती, कारण विंडोज त्यात रॅममधली ७.९ जीबी शेअर्ड मेमरी मिळवून दाखवतं. माझी नजर त्या ११.९ वर गेली आणि तिथेच समाधान झालं. समोर माणूस बोट ठेवून बसलाय, बाजूला वेटर ऑर्डर विचारतोय, परतीची गाडी गाठायची आहे, अशा वेळी बारीक अक्षरातला आकडा कोण वाचतं? मला दोष देणाऱ्यांनी आधी स्वतःच्या लॅपटॉपवर तो आकडा शोधून दाखवावा.

निघताना तो म्हणाला, "दादा, एक करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट मारू नका. नव्या व्हर्जनला हीटिंगचा प्रॉब्लेम आहे." (ड्रायव्हर म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर.) मी उलट त्याचे आभार मानले. काळजीने सांगतोय असं वाटलं. विकणारा "अपडेट करू नका" म्हणाला की तिथल्या तिथे, त्याच्यासमोर अपडेट करा. नाही म्हणाला तर उठा आणि चालू लागा. टोकन गेलं तर गेलं.

पैसे असे दिले: आधीचे ५,०००, कॅफेत यूपीआयने ४०,००० आणि रोख २६,५००. "माझी आजची लिमिट संपेल, बाकीचे कॅश द्या," हे त्याचं कारण. यूपीआयची लिमिट पैसे पाठवणाऱ्याला नडते, घेणाऱ्याला कशाला नडेल, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. रोख रकमेला पावती नाही, आणि पुढे सगळ्यांनी बोट ठेवलं ते याच २६,५०० वर.

घरी आल्यावर लॅपटॉप चालला. साधं एडिटिंग, फुल एचडी, ठीक. मग वरातीचं फुटेज आलं, अंधारातलं, फोर-के. नॉइज रिडक्शन (अंधारातल्या चित्रातले दाणे काढणं) लावलं आणि रिझॉल्व्हने सांगितलं की जीपीयूची मेमरी भरली, टाइमलाइनचं रिझोल्यूशन कमी करा. परत लावलं, परत तेच. वाटलं सॉफ्टवेअरची गडबड असेल. रात्र त्यात गेली. सकाळी कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्या मित्राकडे नेला. त्याने जीपीयू-झेड चालवलं. हे फुकट सॉफ्टवेअर विंडोजने दिलेल्या नावावर विसंबत नाही, चिपची ओळख वाचतं. नाव आलं ३०५०. शेडर (कार्डातली हिशोब करणारी बारीक एककं) २०४८, मेमरी ४०९६ एमबी. खऱ्या लॅपटॉप ३०६० मध्ये शेडर ३८४० असतात. जवळजवळ निम्म्या ताकदीचं कार्ड माझ्या गळ्यात मारलं होतं. मग त्याने ड्रायव्हर पूर्ण काढून एनव्हीडियाच्या साइटवरून नवा टाकला आणि डिव्हाइस मॅनेजरमधलं नावही आपोआप ३०५० झालं. अपडेट का करायचं नव्हतं ते तिथे कळलं.

पण सिरीयल नंबर? त्याचाही उलगडा झाला. कंपनी एकाच सांगाड्यात ३०५० आणि ३०६० अशी दोन्ही मॉडेलं विकते. कुठल्यातरी मेलेल्या ३०६० चं तळाचं झाकण, स्टिकरसकट, या ३०५० ला बसवलेलं होतं. मित्राने लॅपटॉप उलटा करून उजेडात धरला. झाकणाच्या मधल्या स्क्रूंच्या खाचा घासून गोल झाल्या होत्या, एकाचा काळा रंग उडून पांढरं लोखंड दिसत होतं. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, उघडलं तर तिथला सिरीयल नंबर वेगळाच. म्हणजे मी साइटवर तपासला तो दुसऱ्याच लॅपटॉपचा जन्मदाखला. स्टिकरचा नंबर आणि बायोसमधला नंबर जुळवून बघा, एका मिनिटाचं काम आहे, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्याला फोन केला तर आधी गोड बोलला, मग म्हणाला, "तुम्हीच आतलं कार्ड बदललं असेल." अशा लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेलं असतं, डेस्कटॉपसारखं काढून दुसरं लावता येत नाही. हे सांगितल्यावर नंबर ब्लॉक. जाहिरात गायब.

यानंतर जे झालं त्याचा राग मला त्या चोरापेक्षा जास्त आहे. चोराने निदान चोरासारखं वागून दाखवलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, म्हटलं वॉरंटी राहू द्या, फक्त लेखी द्या की झाकण आणि बोर्ड वेगवेगळ्या मशीनचे आहेत. तोंडी सगळं मान्य. लेखी द्यायचं म्हटल्यावर "पॉलिसी नाही". सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला. उत्तर आलं की पैसे समोरासमोर बसून दिलेत, वस्तू मिळाली आहे, हा ऑनलाइन फ्रॉड होत नाही. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "लॅपटॉप चालतोय ना?" चालतोय म्हटलं. "मग फसवणूक कुठली? दिवाणी दावा लावा." मी म्हटलं, साहेब, सोनं म्हणून पितळ विकलं तर तुम्ही दिवाणी म्हणाल का? यावर हद्द निघाली. व्यवहार पुण्यात झाला, पुण्याला जा. पुण्यात गेलो तर तुम्ही राहता सांगलीत, पैसे गेले सांगलीच्या खात्यातून, तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. फसवून वस्तू किंवा पैसे काढून घेणं हे न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. मी प्रिंट काढून नेली होती. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. कॅफेतला फोटो दाखवला तर म्हणाले, हा फोटो याच लॅपटॉपचा कशावरून? २६,५०० रोख दिल्याचा पुरावा काय? शेवटी तक्रार अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारायलाही दहा वेळा मागायला लावलं. त्याचं यूपीआय खातं, त्याचा मोबाईल नंबर, सगळं मी कागदावर लिहून दिलंय. एका पत्राने बँकेकडून नाव-पत्ता निघतो. ते पत्र कुणाला लिहायचं नाही. आणि चोरीच्या मोबाईलला निदान आयएमईआय नंबर असतो, सरकारच्या पोर्टलवरून तो बंद करता येतो. लॅपटॉपला तसलं काहीच नाही. झाकण बदललं की ओळख बदलली.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ चं म्हणणं, विकणारा दुकानदार नाही, दोन व्यक्तींमधला मामला आहे. ओळखीच्या वकिलांनी मात्र कामाचं सांगितलं: तो माणूस नेहमी लॅपटॉप विकतो हे दाखवता आलं तर तो व्यापारीच ठरतो आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. मी धंद्यासाठी घेतला म्हणून ग्राहक नाही, असंही कुणी म्हणेल, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायची वस्तू २०१९ च्या ग्राहक कायद्यात 'धंद्यासाठीची खरेदी' धरत नाहीत. म्हणून आता मी त्याच्या जाहिराती गोळा करतोय. वेगळं नाव, वेगळा नंबर, पण फोटोतली निळ्या चौकड्यांची चादर तीच.

बाजारात दाखवला तर ३८,००० मिळतील म्हणाले, तेही ३०५० म्हणून. म्हणजे सरळ ३३,५०० चा चुना. शिवाय वरातीचं काम वेळेत झालं नाही म्हणून पार्टीला १२,००० ॲडव्हान्स परत केला. घरी अण्णांना आठवडाभर काही बोललो नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती. कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "पावती घेतली नाहीस?"

कॅफेत, मॉलमध्ये, गाडीच्या बॉनेटवर हे असले व्यवहार करू नका. प्लग असलेल्या जागीच बसा, चार्जर लावून अर्धा तास जड गेम चालवा आणि पंख्याचा आवाज, कळफलकाची उष्णता बघा. चार्जरवरचे वॅट कंपनीच्या पानावरच्या वॅटशी जुळतात का तेही बघा. पेनड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड घेऊन जा, त्याच्याच लॅपटॉपवर आधीपासून असलेलं वापरू नका. एसएसडी किती तास चालली आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतं. "फक्त वर्षभर वापरलाय" म्हणणाऱ्याच्या डिस्कवर भलतेच तास निघतात. बिल आहे म्हणाला तर जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून दुकान खरं आहे का बघा. रोख देऊच नका, एक रुपयासुद्धा. द्यावीच लागली तर त्याच्या आधार कार्डाच्या फोटोखाली त्याच्या हाताने रक्कम लिहून सही घ्या. शंका आली तर माझ्यासारखं रात्रभर सॉफ्टवेअरशी झटत बसू नका, त्याच तासाला १९३० ला फोन करा, खात्यातले पैसे थांबायची आशा तेव्हाच असते.

आता मी कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवलाय. पोहोच आली, उत्तर नाही. उत्तर आलं नाही तर त्याच कलमात दंडाधिकाऱ्यांकडे जायची सोय आहे आणि मी जाणार आहे. निळ्या चौकड्यांच्या चादरीवर ठेवलेला लॅपटॉप तुम्ही घेतला असेल तर आधी टास्क मॅनेजर आणि बायोसमधला सिरीयल नंबर, दोन्हीचा सलग एकच व्हिडिओ काढा, मगच ड्रायव्हर बदला. नाव एकदा दुरुस्त झालं की ते आधी बदललेलं होतं हे सिद्ध करणं किती जड जातं, ते मी भोगतोय. तक्रार तुमच्या ठाण्यात द्या, यूपीआय आयडी अर्जात लिहा आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका.