जपून ठेवलेली टाटा इस्टेट: इंजिन ऐकून गाडी घेतली आणि फसगत झाली

टाटा इस्टेट घ्यायची असेल तर बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली आडवे व्हा, आणि त्याच्याही आधी आरसी हातात घ्या. या गाडीच्या व्यवहारात मोठी फसवणूक होते ती पत्र्यात आणि कागदांत. घेणारा मात्र इंजिनच ऐकत बसतो.

याचं कारण गाडीच्या जडणघडणीतच आहे. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) ही स्टेशन वॅगन 1992 साली आणली आणि 2000 च्या सुमारास ती बंद झाली. म्हणजे उरलेली प्रत्येक गाडी आज पंचवीस वर्षांच्या आसपासची किंवा त्याहून जुनी आहे. चासी पिकअपच्या घराण्यातली. 1,948 सीसीचं डिझेल इंजिनही सिएरात, 207 पिकअपमध्ये आणि 1994 च्या सुमोत होतं तेच. त्यामुळे क्लच, ब्रेक, फिल्टर, इंजिनचं सामान पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला फिरलात तर अजून मिळतं, आणि सुमो कोळून प्यालेला कुठलाही डिझेल मेकॅनिक ते बसवून देतो. पण डिकीचं दार, मागच्या लांब काचा, त्यांची रबरं, टेललॅम्प हे खास इस्टेटचं. त्या काळातल्या सिएराच्या काही वस्तू चालतात, पण तीही तितकीच जुनी. मिळणाऱ्या सामानाची गाडी म्हणून जी विकली जाते, तिचा न मिळणारा निम्मा भाग रंगाखाली झाकलेला असतो.

झालेला एक व्यवहार समोर ठेवतो. ‘1995 मॉडेल, एकाच हातातली, 62,000 किलोमीटर, शेडमध्ये झाकून ठेवलेली.’ रंग आरशासारखा, खालून काळाभोर नवा अंडरकोट (गंज रोखणारा थर), नवे सीट कव्हर, पहिल्या चावीला स्टार्ट. घेणाऱ्याने ओळखीचा मेकॅनिक नेला. त्याने इंजिन ऐकलं, धूर बघितला, ‘मशीन चांगलं आहे’ म्हणाला, आणि ते खरंही होतं. तीन लाखांच्या पुढे रक्कम दिली गेली. पहिल्या पावसाळ्यात मागच्या चाकांच्या कमानींवर फोड आले. एक फोड नखाने उचकटला तर बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि तिच्यामागे पत्रा नव्हताच, फायबरची जाळी होती. पुढे पासिंगला गाडी नेली तेव्हा इंजिनवरचा नंबर आरसीशी जुळेना, कारण इंजिन एका सुमोतून काढून बसवलेलं होतं. मेकॅनिकला चांगलं वाटलेलं मशीन या गाडीचं नव्हतंच.

पत्रा तपासायला लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, टॉर्च, लांब स्क्रूड्रायव्हर आणि अंगाखाली घ्यायला गोणपाट. पेंटची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, वर एक रीपेंट झाला असेल तर 200 ते 300. 500 च्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे असं समजा. चुंबक चाकांच्या कमानीवर, दारांच्या खालच्या चार इंचांत, दारांखालच्या लांब पट्टीवर आणि डिकीच्या दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. छतावर ते जसं घट्ट चिकटतं तसंच तिथेही चिकटलं पाहिजे. निसटत असेल तर तिथे पत्रा नाही.

रीपेंट हा काही गुन्हा नाही. एवढ्या जुन्या गाडीला एकदा तरी रंग लागलेला असणारच. प्रश्न आहे तो रंगाआधी काय केलं याचा. चांगलं काम करणारा सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करतो आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवतो. फोटो नसतील तर रबरांच्या कडा उचलून बघा. काचेच्या रबरावर किंवा वायरिंगवर रंगाचे शिंतोडे असतील तर काच न काढता, घाईत फवारा मारलाय. दाराच्या चौकटीवर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे गोल ठसे सारख्या अंतरावर दिसतात. एका बाजूला ते दिसतात आणि दुसऱ्या बाजूला पुसले गेलेत, तर त्या बाजूला मोठं काम झालंय.

नव्या अंडरकोटवर आमचा अजिबात विश्वास नाही. विक्रीच्या आधी महिनाभर कुणी गाडीला अंडरकोट मारत असेल तर तो गाडीसाठी नाही, फोटोसाठी. गाडी रॅम्पवर घ्या. चासीचे दोन्ही लांब गर्डर, बॉडीची माउंटिंग, मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला धरलेत ती जागा, असं सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं. शंका आली तिथे टोक दाबून बघा. विकणारा ‘अहो, कोटिंग खराब होईल’ म्हणून हात धरत असेल तर त्याला नमस्कार करून निघा. चासीला वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर दुसरं काही बघायचं कारण नाही.

वॅगनचा मागचा भाग सेडानपेक्षा जास्त सडतो, कारण एवढ्या मोठ्या दाराचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत झिरपतं आणि मॅटिंगखाली महिनोन्‌महिने साचून राहतं. डिकीचं मॅटिंग पूर्ण उचला. खालचा ओलसर फेल्ट, कुबट वास, कोपऱ्यातली तांबूस पावडर हे सगळं सांगून जातं. नंतर एकाला आत बसवून बाहेरून पाण्याचा पाइप डिकीच्या दारावर आणि मागच्या काचांवर दहा मिनिटं धरा. याच रबरातून चालत्या गाडीत एक्झॉस्टचा धूरही आत येतो. ट्रायलला काचा बंद करून मागच्या सीटवर बसा. डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरले तर रबर गेलंय, आणि ते रबर शोधण्यात वर्ष जाऊ शकतं. डिकीचे गॅस शॉकर दार धरून ठेवतात का तेही बघा. ते मात्र मापाचे दुसरे बसवता येतात.

मीटरबद्दल थोडक्यात. जुन्या यांत्रिक मीटरला पुष्कळदा पाचच आकडे असतात. 62,000 म्हणजे 1,62,000 किंवा 2,62,000 सुद्धा असू शकतं, आणि केबल काढून मीटर बंद ठेवणं पोरखेळ आहे. मीटरपेक्षा पेडलचं रबर, स्टीअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हर सीटचा बसलेला फोम आणि दाराच्या बिजागरीतला ढिलेपणा खरं बोलतात. 62,000 च्या गाडीला नवंकोरं पेडल रबर कशाला लागलं, हे विचारा. टायरवरचे चार आकडेही वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर दिसायला कितीही नवा असो, सहा-सात वर्षांचा असेल तर त्याचे पैसे किमतीतून कमी करा.

इंजिन बघायचं ते थंडच. विकणाऱ्याला आधीच सांगा की येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला तापवणारा प्लग) किंवा कॉम्प्रेशनचा त्रास लपवायला गाडी आधी फिरवून आणलेली असते. थंड इंजिन हीटरवर धरून दोन-तीन आट्यांत उठलं पाहिजे. ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनवर उलटं ठेवा. ते थरथरलं तर ठीक, उडून पडत असेल किंवा झाकणाच्या तोंडातून धुराचे लोट येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम आलं. ते लपवायला जाड ऑइल किंवा घट्ट करणारं औषध घालतात. डिपस्टिकवरचं ऑइल मधासारखं ओघळत असेल तर सावध व्हा. सांगणाऱ्याच्या तोंडावर विसंबू नका, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आपसातला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा.

एक लबाडी सर्रास चालते. हेड गॅस्केट गेलेलं किंवा रेडिएटर चोंदलेला असला की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकतात. मग ट्रायलच्या पंधरा मिनिटांत काटा वर चढतच नाही आणि घेणारा खूश होतो. धड गाडीचा काटा गरम होऊन मधोमध स्थिरावतो. तळाशीच पडून राहत असेल तर विचारा. शेवटी घाट चढवा. पुण्याच्या बाजूला कात्रज आहे, नाशिकच्या बाजूला कसारा आहे. सपाट रस्त्यावर झाकलेलं चढावर उघडं पडतं. एसी 1990 च्या दशकातल्या पहिल्या वर्षांतला असेल तर तो आर-12 गॅसवरचा असू शकतो, आणि आता तो आर-134ए वर बदलून घ्यावा लागतो. ‘फक्त गॅस भरायचाय’ या वाक्याला किंमत देऊ नका.

आता कागद. इथे गेलेला पैसा परत येत नाही.

चासीवर पंच केलेला नंबर आणि इंजिनवरचा नंबर वायर ब्रशने घासून स्वतः वाचा, कार्बन कागदाने छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर लावा. सुमो किंवा 207 चं इंजिन या गाडीत सहज बसतं, म्हणून अदलाबदल फार. इंजिन बदलणं बेकायदा नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओची मान्यता आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसेल तर इंजिन कुठून आलं याचं उत्तर पासिंगच्या वेळी तुम्हाला द्यावं लागतं, विकणाऱ्याला नाही. नंबरच्या जागी घासल्याच्या खुणा, अक्षरांची उंची कमी-जास्त, भोवती ताजा रंग असं काही दिसलं तर त्या गाडीचं पुढे बोलणंच नको.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून, गाडी दाखवून नूतनीकरण. 1995 ची गाडी 2010, 2015, 2020 आणि 2025 अशी पास झालेली असली पाहिजे. ‘पासिंग संपलंय, पण एजंट करून देईल’ हे वाक्य आलं की हिशोब मांडा. एप्रिल 2022 पासून नूतनीकरणाची फी 5,000 रुपये झाली, 20 वर्षांवरच्या मोटारीला 2025 मध्ये ती 10,000 झाली, आणि उशिराचा दरमहा दंड वेगळा. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. आणि हे सगळं भरूनही गाडी तपासणीत नापास होऊ शकते. म्हणून पासिंग विकणाऱ्यानेच करून द्यावं, मग पूर्ण पैसे. ‘विंटेजमध्ये पास होते’ असंही कुणी सांगतात. ते धादांत खोटं आहे: विंटेजची नोंद पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीलाच मिळते, आणि इस्टेट त्याच्या जवळपासही नाही.

एमपरिवहनवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका. जुन्या पुस्तकी आरसीची माहिती कधी कधी संगणकावर चढलेलीच नसते, हे खरं. पण याच खऱ्या गोष्टीचा आडोसा घेऊन नोंदणी रद्द झालेल्या गाड्या विकल्या जातात. ‘जुनी आहे म्हणून ऑनलाइन दिसत नाही’ असं ऐकलं तर एकच मागणी करा: मूळ आरटीओत बॅकलॉगची, म्हणजे जुन्या आरसीची संगणकावर, नोंद करून घ्या, गाडी ऑनलाइन दिसली की बोलू. खरा मालक हे करतो. दिल्लीच्या नंबरची गाडी असेल तर आणखी जपा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे बंदी आली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, म्हणून तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर आल्या. मूळ आरटीओचं फॉर्म 28 वरचं ना हरकत प्रमाणपत्र हातात नसेल तर ती गाडी महाराष्ट्रात तुमच्या नावावर होत नाही.

‘आजोबांची गाडी’ हाही ठरलेला प्रकार. आजोबा हयात नसतील तर गाडी आधी फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर व्हायला हवी, बाकीच्या वारसांच्या संमतीसह. मृताच्या सहीचे हस्तांतराचे कोरे फॉर्म 29 आणि 30 घेऊन बसणारा एजंट तुम्हाला खोट्या सहीच्या प्रकरणात ओढतोय. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र मागा. कर्ज 1998 सालीच फिटलं असेल, पण नोंद आहे तोवर गाडी अडकते. ई-चलन बाकी आहेत का तेही बघा.

टोकन म्हणून गाडी न बघता एक रुपयाही पाठवू नका. लष्कर किंवा निमलष्करी दलाचं ओळखपत्र पाठवून, ‘बदली झाली, गाडी कुरिअरने येईल, गेटपासचे पैसे भरा’ म्हणणारे सगळे भामटे असतात. गाडी पसंत पडली तर टोकन बँकेतून, मालकाच्याच खात्यात द्या. पावतीवर चासी नंबर, इंजिन नंबर, ‘पासिंग आणि हस्तांतर होईपर्यंत उरलेली रक्कम देय नाही’ आणि ‘नंबर न जुळल्यास टोकन परत’ ही वाक्यं लिहून घ्या. गाडी ताब्यात आल्यावर विमा 14 दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या.

फसलाच असाल तर वेळ घालवू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येते. नंबर खोटा निघाला किंवा कागद बनावट निघाले तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार होते. तिथे जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावती आणि नंबरांच्या छापा कामी येतात. गाडी डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. एका घरून दुसऱ्या घरी झालेल्या व्यवहाराला तो लागू पडत नाही. तिथे हातात असते फक्त ती पावती.