क्रिटा: आईच्या चित्रात रंग भरताना

आईचं पेन्सिलचित्र काढून झालं होतं. नऊवारी, नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. कागदावर रंगवायचा धीर होईना. एक ओघळ आला की सगळं संपलं. भाची म्हणाली, "मामा, लॅपटॉपवर क्रिटा टाक. बिघडलं तर कंट्रोल झेड."

क्रिटा हा संगणकावर चित्रं काढायचा-रंगवायचा प्रोग्राम, आणि तो खरंच फुकट आहे. जाहिराती नाहीत, तीस दिवसांची मुदत नाही. गॅलरीतल्या उजेडात चित्राचा फोटो काढला, लेव्हल्समधून (उजेड-अंधार जुळवायची सोय) कागदाचा पिवळटपणा घालवला आणि उत्साहाच्या भरात त्याच लेयरवर रंग ओतले. (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांपैकी एक.) अर्ध्या तासात माझ्या सगळ्या रेघा गाडल्या गेल्या.

मग मल्टिप्लाय कळलं. चित्राची लेयर सगळ्यात वर, तिचा ब्लेंडिंग मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय, आणि रंग खालच्या लेयरवर. हा अक्षरशः गुणाकार आहे. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. एकाने गुणलं की खालचा रंग तसाच राहतो, म्हणून कागद नाहीसा होतो आणि रेघ उरते. ३१ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे लगेच पटलं.

त्वचेने मात्र घाम काढला. सावलीसाठी काळा मिसळला तर आई आजारी दिसायला लागली. तांबूस-जांभळा घेतला तेव्हा कुठे गाल जिवंत झाले. मध्येच नव्या लेयरवर ब्रश उमटेना. वीस मिनिटांनी लक्षात आलं, खोडरबराचं बटण ई दाबलं गेलंय आणि मी रिकाम्या जागी खोडतोय! एम दाबलं की चित्र आरशात दिसतं. ही सोय फार आवडली. डावा डोळा वर गेलाय हे त्यातच कळलं. (राहू दे. पेन्सिलचा आहे.)

पेन टॅबलेट (पेनाने रेघ ओढायची पाटी) साडेतीन हजारांचा, कंपनीचं नाव घेत नाही. कितीही दाबा, रेघ एकाच जाडीची. दुकानदार म्हणाला, "काका, तुमचा हात जड आहे." क्रिटाच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये पेनाचा दाब वाचायची पद्धत विनटॅबऐवजी विंडोज इंक निवडली, क्रिटा बंद करून पुन्हा उघडलं, आणि हात हलका झाला.

वेळ वाचेल या आशेने क्रिटा घेऊ नका. कंट्रोल झेड हाताशी असल्यामुळे नथीच्या मोत्यांवर दोन संध्याकाळी गेल्या. जलरंगात दहा मिनिटांत उरकलं असतं. आणि लेयरना पहिल्यापासून नावं द्या. माझ्याकडे 'पेंट लेयर १४' पर्यंत रांग आहे, आणि नथ नेमकी कशात आहे ते मी अजून एकेकीच्या शेजारचं डोळ्याचं चिन्ह मिटून, म्हणजे ती लेयर लपवून, शोधतोय.