माहिती साठवायला शिकवताना: स्क्रॅचमधल्या दोन लिस्ट की पायथनची डिक्शनरी?

मुलाला व्हेरिएबल (माहिती ठेवायचा, नाव दिलेला डबा) समजलं की पुढची अडचण लगेच येते. एका व्हेरिएबलमध्ये एकच गोष्ट राहते, मग ढीगभर माहिती ठेवायची कुठे आणि हवी ती नेमकी काढायची कशी? स्क्रॅचमध्येच (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा) राहून लिस्ट, म्हणजे ओळीने मांडलेली यादी, शिकवावी की पायथनची (टाइप करून लिहायची भाषा) डिक्शनरी, म्हणजे नावाशी माहिती जोडून ठेवणारी यादी, दाखवावी, असा प्रश्न शिकवणाऱ्याला तिथे पडतो. माझं मत आधीच सांगते. मूल आठ-दहा वर्षांचं असेल तर स्क्रॅच. टाइप करायला सरावलेलं असेल तर पायथन, पण दोन लिस्ट सांभाळण्याचा त्रास त्याने एकदा अनुभवल्यावरच.

दोन्हीकडे एकच प्रोग्रॅम घेऊ: ग्रहाचं नाव टाकलं की त्याचे चंद्र किती ते सांगणारा.

स्क्रॅचमध्ये डिक्शनरी नाहीच. म्हणून एका लिस्टमध्ये नावं आणि दुसरीत त्याच क्रमाने आकडे भरायचे. नाव कितव्या जागी आहे ते शोधायचं आणि दुसऱ्या लिस्टमधला त्याच जागेवरचा आकडा घ्यायचा. जागा सांगणारा तयार ब्लॉक स्क्रॅच ३ मध्ये आहे, पण मी तो पहिल्या दिवशी देत नाही. आधी लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारी रचना) लावून एकेक नाव तपासायला लावते. लिस्ट स्क्रीनवर उघडी दिसत असते, त्यामुळे प्रोग्रॅम शोधतो म्हणजे काय करतो हे मुलाला बोट ठेवून दाखवता येतं. पायथनमध्ये हे इतकं डोळ्यांसमोर घडत नाही.

खरी मजा चूक झाली की येते. समजा, नावांच्या लिस्टमध्ये पृथ्वी, प्लूटो, मंगळ, शनी आहेत आणि आकड्यांच्या लिस्टमध्ये १, ५, २, २७४. कुणीतरी आठवण करून देतं की २००६ पासून प्लूटोला ग्रह म्हणत नाहीत. मूल नावांमधून प्लूटो काढतं आणि त्याचे ५ चंद्र दुसऱ्या लिस्टमध्ये तसेच राहतात. आता मंगळाला ५ चंद्र होतात आणि शनीला २. प्रोग्रॅम अडखळत नाही, कुठे लाल अक्षरं येत नाहीत, उत्तर मात्र चुकीचं येतं. ही चूक मुलाला स्वतःची स्वतः सापडू द्यावी, हा माझा आग्रह आहे. नाव आणि आकडा एकमेकांना बांधलेले हवेत ही गरज त्याला तेव्हा आतून जाणवते, आणि डिक्शनरी म्हणजे तीच बांधणी.

पायथनमध्ये चंद्र["मंगळ"] एवढं लिहिलं की २ मिळतात. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना याचा फार आधार वाटतो.) जागा मोजणं नाही, लूप नाही. प्लूटो काढला तर त्याचा आकडाही सोबत जातो. मार्च २०२५ मध्ये शनीचे १२८ नवे चंद्र मान्य होऊन एकूण आकडा २७४ वर गेला. असा बदल डिक्शनरीत एका ओळीत होतो. मात्र तीच 'की' (key, म्हणजे ज्या नावाने शोधतो ते; इथे ग्रहाचं नाव) पुन्हा लिहिली तर आधीची व्हॅल्यू (त्या नावाशी जोडलेला आकडा) पुसली जाते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

नसलेली गोष्ट विचारली तर? स्क्रॅच जागा ० सांगतो, आणि शून्याव्या जागी काही नसल्याने उत्तर रिकामं येतं. पायथन एरर देऊन थांबतो. लहान मुलं त्या एररला घाबरतात, हे खरं. तरीही मला पायथनचं वागणं जास्त प्रामाणिक वाटतं, कारण चूक लपत नाही. एररची भीती गेली की डिक्शनरीचं get (नाव नसेल तर ठरवलेलं उत्तर देणारी सोय) वापरून "हा ग्रह माझ्याकडे नाही" असं उत्तर द्यायला शिकवता येतं.

साठवण्यात मात्र स्क्रॅच सोपा पडतो. प्रोजेक्ट सेव्ह केलं की लिस्टमधली माहितीही टिकते. फक्त सुरुवातीला लिस्ट रिकामी करायला विसरलं तर प्रत्येक वेळी हिरवा झेंडा (प्रोग्रॅम सुरू करायचं बटण) दाबला की तीच नावं पुन्हा भरली जातात. पायथनमध्ये प्रोग्रॅम संपला की चालू असताना भरलेली नवी माहिती जाते. ती टिकवायला फाइल शिकवावी लागते आणि तो वेगळा धडा आहे. काल भरलेले ग्रह आज गायब झाले म्हणून रडवेलं झालेलं मूल मी पाहिलं आहे, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी सांगते.

एक बारीक गोष्ट: स्क्रॅचची लिस्ट १ पासून मोजते, पायथनची ० पासून. एकाकडून दुसरीकडे जाताना मुलं इथे हमखास अडखळतात. डिक्शनरीत नावानेच विचारत असल्याने हा घोळ होत नाही.

पायथनकडे कधी वळायचं हे मी वयावरून कमी आणि मुलाच्या प्रश्नावरून जास्त ठरवते. "दोन्ही लिस्टमधून एकदम काढता येत नाही का?" असं मूल आपणहून विचारेल, त्याच दिवशी डिक्शनरी दाखवावी.