दाबाने बसणारं सेफ्टी गेट: पाहुणी कुत्री-मांजरं सांभाळताना नऊ महिन्यांचा वापर

दुसऱ्यांची जनावरं घरी ठेवून घ्यायची, तर अंथरूण, भांडी, रोजचं खाणं मालकाकडून येतं आणि तेच वापरावं. घराने पुरवायची गोष्ट एकच: दार उघडलं तरी जनावर निसटणार नाही अशी जागा. पहिले दोन दिवस पाहुण्या कुत्र्याचं सगळं लक्ष मुख्य दाराकडे असतं, कारण मालक त्याच दाराने गेलेला असतो. त्यासाठी पॅसेजच्या तोंडाशी एक आणि स्वयंपाकघराला एक, अशी दोन गेटं नऊ महिने लावलेली आहेत. दोन्ही लोखंडी, पावडर कोटिंगची, 75 सेंमी उंच, भिंतीला भोक न पाडता चार स्क्रूंच्या दाबावर उभी राहणारी.

खोक्यातून काढल्यावर कडीच्या बाजूला बोटभर फट दिसते. इथेच बरेच जण 'माल वाकडा आला' म्हणून परत पाठवतात. तो दोष नव्हे. चौकट वरून उघडी असते. खालचे दोन स्क्रू हाताने भिंतीला टेकवायचे आणि मग वरचे दोन थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. खांब आत दबतात, फट मिटते, कडी जागेवर येते. एकाच बाजूचा स्क्रू आवळत गेलात तर गेट तिरकं होतं आणि आपोआप बंद होणारं गेटाचं दार कडीशी येऊन नुसतं टेकून राहतं. आवळून झालं की हे दार 10 सेंमीच उघडून सोडून बघा. पूर्ण उघडल्यावर धाडकन लागणारं गेटही या परीक्षेत नापास होऊ शकतं, आणि कुत्रं निसटतं ते नेमकं अशाच अर्धवट लागलेल्या गेटातून.

माप जमिनीलगत आणि गेटाच्या वरच्या कडेशी, असं दोनदा घ्या. स्कर्टिंगमुळे, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीमुळे, खालचं अंतर कमी भरतं. गेट त्या मापाचं घ्यायचं आणि वरचा फरक स्क्रूने भरून काढायचा. मात्र स्क्रू जितका जास्त बाहेर, तितका तो वाकतो. अंतर फार असेल तर गेट रुंद करणारी जोडपट्टी लावा. ऑइल पेंटवर स्क्रूच्या टोकाची रबरी टोपी घसरते, म्हणून ती टोकं बसवायला सोबत आलेल्या वाट्या भिंतीला स्क्रूने पक्क्या करा. भोक नको म्हणून त्या खोक्यातच राहतात, पण 30 किलोच्या कुत्र्याने पुढचे पाय वरच्या दांडीवर टाकले की सगळा जोर वरच्या दोन स्क्रूंवर येतो आणि वाटीशिवायचं गेट वरून सुटतं. गिलावा पोकळ वाजत असेल तर मध्ये लाकडी फळी हवी. स्क्रूंचे नट आठवड्याला एकदा तपासा. जिन्याच्या वरच्या टोकाला हे गेट लावूच नका.

आता जनावरांचं. मांजराला 75 सेंमी म्हणजे काहीच नाही. त्याला वेगळी खोली आणि बंद दार हवंच. गजांमधलं अंतर 5 सेंमीच्या आसपास असल्याने पिल्लाचं डोकं आत जातं आणि अडकतं. खालच्या 40 सेंमीला प्लास्टिकची जाळी केबल टायने बांधली की काम होतं. टायच्या गाठी कुत्र्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, नाहीतर दोन दिवसांत चावून काढतं. गळ्यातलं लोंबतं बिल्लंही गजात अडकतं.

गेटामुळे जनावरं वेगळी राहतात, पण सगळंच वेगळं राहत नाही. गोचिडांसाठी पर्मेथ्रिनचे थेंब टाकलेलं कुत्रं ज्या गजांना अंग घासतं, त्याच गजांना मांजर गाल घासतं, आणि पर्मेथ्रिन मांजराला विष आहे. येणाऱ्या कुत्र्याला कोणतं औषध, कधी लावलं, हे आधी विचारा. केनेल कफचंही, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याचंही, तसंच. खोकला जाळी ओलांडून जातो आणि लागण झाल्यावर दिसायला 2 ते 14 दिवस लागू शकतात. म्हणून 'आज बरा आहे ना?' एवढ्यावर भागत नाही, मागच्या दोन आठवड्यांचं विचारावं.

कंपनीच्या जाहिरातीत न दिसणारी गोष्ट म्हणजे नर कुत्रे गेटाच्या खांबावरच पाय वर करतात. मूत खालच्या आडव्या दांडीच्या जोडात साचतं, आणि पाचव्या महिन्यात गंज धरला तो तिथेच. त्यावर ब्लीच ओतू नका, मुतातल्या अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू सुटतो. आधी टिपून घ्या, मग एन्झाइमवालं क्लीनर टाकून 10-15 मिनिटं ओलं राहू द्या. फवारून लगेच पुसलं तर वास उरतो आणि पुढचा कुत्रा तिथेच खूण करतो. पार्वोची (कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराची) शंका असेल तेव्हाच, जागा धुऊन पुसून झाल्यावर, 1 भाग साधं घरगुती ब्लीच आणि 32 भाग पाणी, 10 मिनिटं. नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर टवका उडालेल्या जागी गंज वाढतो.

खालची दांडी जमिनीपासून बोट-दीड बोट वर असते. हातात पाण्याची भांडी असली की तिला अडखळायला होतं, त्यावर पिवळी टेप लावणं बरं. कडीचं प्लास्टिक सातव्या महिन्यात वळणाशी पांढरं पडू लागलं. ते चिरण्याआधीचं लक्षण असतं, म्हणून गेट घेतानाच सुटी कडी आणि दोन जादा स्क्रू मिळतात का ते बघून घ्या.