मॅलिनॉइस, शेफर्ड, कॉली की आपला कारवान? ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये कामाचा कुत्रा आणण्याआधी

घोडबंदर रोडला दोन बेडरूमचं घर, नवरा-बायको दोघंही नोकरीला, सकाळी साडेसातला लागलेलं कुलूप रात्री साडेआठला निघतं, आणि रीलमध्ये भिंतीवर धावत चढणारा मॅलिनॉइस जातीचा कुत्रा बघून दोघांच्याही मनात तोच भरलेला. हा आढावा अशा घरासाठी आहे. पत्ता खारघरचा असो, नेरूळचा असो की कळव्याचा, वेळापत्रक साधारण असंच असतं.

फ्लॅट लहान आहे याची फार काळजी करू नका. नीट फिरून आलेला कुत्रा घरात बराच वेळ झोपूनच असतो. काळजी करायची ती घराबाहेरच्या दीड-दोन तासांची. ते रोज, जुलैतसुद्धा, कोण देणार? ज्या जातींना आपण ‘हाय एनर्जी’ म्हणतो त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेल्या आहेत. कुणी मेंढ्या वळवायच्या, कुणी ससा धरायचा, कुणी पाण्यात पडलेलं बदक आणून द्यायचं, कुणी बर्फावरून गाडी ओढायची. काम दिलं नाही तर कुत्रा स्वतःच एखादं शोधून काढतो, आणि सोफ्याची किंमत चुकती करायची वेळ तुमच्यावर येते.

मॅलिनॉइस आणि जर्मन शेफर्ड

लांबून बघणाऱ्याला दोघं भाऊ वाटतात. दोघंही मूळचे मेंढपाळांचे कुत्रे, एक बेल्जियमचा, एक जर्मनीचा. शेफर्डची जात माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ पासून पद्धतशीर बांधली. मॅलिनॉइस अंगाने सडपातळ, साधारण २० ते ३० किलोचा. शेफर्डचा नर ४० किलोपर्यंत जातो.

खरा फरक भडकण्याच्या वेळेत आहे. बाइक गेली, बॉल उसळला, लिफ्टचं दार उघडून पोरं धावत बाहेर आली, तर शेफर्ड बहुधा क्षणभर थांबून बघतो. मॅलिनॉइस त्या क्षणात पोहोचलेला असतो, आणि तोंडाने. त्याला राग आलेला नसतो. हालचाल दिसली की धरायचं, हेच त्याच्यात मुद्दाम वाढवलं गेलंय. म्हणून तर सीआरपीएफसारख्या दलांना तो हवा असतो, आणि म्हणूनच ओसामा बिन लादेनविरुद्धच्या २०११ च्या अबोटाबाद मोहिमेत अमेरिकी जवानांबरोबर गेलेला कैरो नावाचा कुत्रा याच जातीचा होता. पण दलातल्या कुत्र्याला हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा जवान, असतो आणि कुत्रा हीच त्या हँडलरची नोकरी असते. तुमची नोकरी ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये नाहीतर बीकेसीत आहे.

‘रोज उपवनला पाच किलोमीटर पळवीन, दमला की गप्प बसेल,’ हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय. होतं उलटंच. दोन-तीन महिन्यांत त्याचा दम वाढतो आणि पाच किलोमीटरनंतर तो नुसता तापलेला घरी येतो. या कुत्र्याचं डोकं दमवावं लागतं: वास घेऊन वस्तू शोधणं, हुकूम मिळेपर्यंत थांबणं, बॉल समोर पडलेला असताना मालकाकडे बघणं. आणि सगळ्यात अवघड धडा म्हणजे काहीही न करता चटईवर पडून राहणं. मॅलिनॉइसला तो शिकवावा लागतो, बरेच महिने. शेफर्डला निम्म्या कष्टात जमतो.

म्हणजे शेफर्ड सोपा, असं समजू नका. त्याचा संशयी स्वभाव सोसायटीत जड जातो. दिवसभरात दारावर येणारे डिलिव्हरीवाले, कामवाली मावशी, कचरेवाला, इस्त्रीवाला. त्याच्या हिशेबी हे सगळे घुसखोर. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असतं तेव्हा जी माणसं, जे आवाज त्याने निर्धास्तपणे अनुभवले, ते त्याला पुढे फारसे खुपत नाहीत. ढोल-ताशा आणि फटाके आधी बारीक आवाजात मोबाइलवर, खाऊ देत देत ऐकवायचे ते याच काळात. गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. दुसरं म्हणजे खुबा. खुब्याचा सांधा नीट न बसणं हा शेफर्डचा जुना आजार आहे, आणि मागून फार उतरत्या पाठीच्या शो-लाइनच्या, म्हणजे प्रदर्शनांसाठी वाढवलेल्या, पिल्लांपासून मी तरी लांब राहीन. तिसरं म्हणजे केस. वर्षभर. डाळीतसुद्धा.

बॉर्डर कॉली आणि लॅब्रॅडॉर

बॉर्डर कॉली हुशार आहे म्हणून लोक घेतात, आणि नेमकं तेच त्यांना झेपत नाही. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या कॉलीला हजारावर खेळण्यांची नावं पाठ होती. पण हे डोकं मेंढ्यांवर डोळा रोखून त्यांना वळवण्यासाठी घडलंय. मेंढ्या नसल्या की तो पोरांच्या सायकली वळवतो, रिक्षांवर झेप घेतो, किंवा पंख्याच्या सावलीमागे तासन्‌तास फिरतो. हे सावलीचं वेड गमतीचं वाटतं, व्हिडिओ काढले जातात. एकदा जडलं की सोडवणं महाकठीण, तेव्हा टॉर्च आणि लेझरचे खेळ त्याच्याशी कधीच खेळू नका. एक वैद्यकीय गोष्ट: कॉली गटातल्या काही कुत्र्यांना एका जनुकीय दोषामुळे आयव्हरमेक्टिनचे मोठे डोस घातक ठरतात. बॉर्डर कॉलीत हा दोष क्वचित सापडतो, तरी आपल्याकडे गोचिडीवर हे इंजेक्शन सर्रास दिलं जातं, म्हणून डॉक्टरांना जात आधी सांगा.

लॅब्रॅडॉरला या यादीत बघून काहींना हसू येईल. पण तोही शिकाऱ्याचा कुत्रा, आणि पहिली दोन वर्षं घर डोक्यावर घेतो. पुढे तो निवळतो, बाकीच्यांची खात्री देता येत नाही. त्याचा घोटाळा पोटाचा आहे. बऱ्याच लॅबमध्ये भूक भागल्याची जाणीव बोथट करणारा जनुकीय बदल असतो, त्यामुळे ‘अजून मागतोय बिचारा’ म्हणून आजी पोळी देत राहते आणि पाचव्या वर्षी गुडघे बोलायला लागतात.

कारवान आणि हस्की

हस्कीबद्दल थोडक्यात: ठाण्यात नको. केसांच्या दुहेरी थराचा, थंडीत मैलोन्‌मैल ओढायला केलेला कुत्रा चोवीस तास एसीत ठेवणं ही हौस आहे, आणि वीज गेली की ती कुत्र्याच्या अंगाशी येते.

कारवान, म्हणजेच मुधोळ, याच्यावर मात्र थांबायला हवं. लातूर, सोलापूर, सांगलीच्या पट्ट्यात हा शेतावर दिसतो. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली, २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, आणि पुढे सैन्यानेही मेरठच्या आपल्या श्वान केंद्रात त्याची चाचणी घेतली. केस आखूड, चरबी नावाला, आपल्या उन्हाची सवय. मुख्य म्हणजे तो लांब पल्ल्याचा नाही. दोन-चार वेळा जिवाच्या आकांताने धावला की बाकीचा दिवस पाय पसरून लोळतो. फ्लॅटला हा स्वभाव मॅलिनॉइसपेक्षा कितीतरी बरा.

अडचण वेगळीच आहे. तो डोळ्याने शिकार करणारा कुत्रा. पामबीचच्या कडेला मांजर दिसलं आणि पट्टा सुटला, तर हाक त्याच्या कानात शिरत नाही. त्याला मोकळं सोडायला चारही बाजूंनी बंद मैदान लागतं, आणि असं मैदान या दोन्ही शहरांत शोधावंच लागतं. शिवाय तो लाडात येणारा नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि ‘शेक हँड’ला तो मान वळवून घेतो. मला हा तोरा आवडतो. घरी येणाऱ्या पाहुण्यांना आवडेलच असं नाही.

जुलैतली एक संध्याकाळ

समजा सकाळपासून धो-धो पाऊस आहे, माजिवड्याला गाड्या तुंबल्यात, तुम्ही दहाला घरी पोहोचलात आणि फिरवणं बुडालं. लॅबने चप्पल खाल्ली असेल. शेफर्ड दारामागे गुरगुरून गुरगुरून थकलाय, शेजारच्या काकांचा मेसेज आलाय. कॉली बाथरूमच्या टाइल्सवरचे ठिपके पकडतोय. कारवान पलंगावर झोपलाय, बहुधा तुमच्या. मॅलिनॉइसने दाराची चौकट सोललीय आणि तुम्ही आत पाऊल टाकताच तो छातीच्या उंचीवर आलाय. आता ही संध्याकाळ सलग चार दिवस आली असं धरा. आपल्याकडे येतेच.

पावसाळ्याची तयारी म्हणून घरातली कामं आधी शिकवून ठेवा. वाटीत खाणं देणं बंद करा. दाणे टॉवेलमध्ये गुंडाळून किंवा घरभर लपवून ठेवा. वीस मिनिटं नाकाने शोधलं की कुत्रा शांत होतो. साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा, कारण उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो. त्याची लस दरवर्षी द्यायची. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, आणि गोचीड रोज बघायची.

उन्हाळा त्याहून कडक. कुत्रा मुख्यतः धापा टाकून थंड होतो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत जिभेवरचं पाणी लवकर वाळतच नाही. एप्रिल-मेमध्ये फिरायची वेळ पहाटे साडेपाच आणि रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही नाही. बॉलच्या नादात मॅलिनॉइस आणि लॅब उष्माघात होईपर्यंत धावतात, थांबवायचं तुम्हीच.

जागांचंही सांगतो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य. जंगलात कुत्रा न्यायचाच नाही. सागर विहार किंवा खारघरचे रुंद रस्ते पहाटे बरे, पण प्रत्येक सेक्टरला भटक्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, तेव्हा रोज एकच वाट धरा म्हणजे ओळख होते. बाल्कनीला जाळी हवीच. साडेतीन फुटांची रेलिंग मॅलिनॉइसला अडवू शकत नाही, आणि पलीकडे चौदावा मजला असतो.

सोसायटी कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचना २०१५ पासून तेच सांगतात. पण महापालिकेचा परवाना, रेबीजची लस, पट्टा आणि शी उचलणं हे तुमच्याकडून चोख हवं. त्याशिवाय कमिटीशी भांडायला तोंड राहत नाही.

खर्चात पिल्लाची किंमत सगळ्यात किरकोळ. मोठा शेफर्ड महिन्याला दहा-बारा किलो कोरडं खाणं संपवतो. वर ट्रेनर, गावाला गेल्यावर बोर्डिंग, आणि दुपारी येऊन फिरवणारा माणूस. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो, त्यात काही तासांत जीव जातो. म्हणून खाण्याच्या आगेमागे तासभर तरी धावपळ नको, आणि रात्री उघडा असणारा दवाखाना घोडबंदरच्या ट्रॅफिकच्या अलीकडे, तुमच्या बाजूलाच शोधून ठेवा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय उत्तम आहे, पण अशा वेळी परळ लांब पडतं.

सुरुवातीच्या त्या जोडप्याला माझा सल्ला: मॅलिनॉइस आणि कॉली नको. एकाला घरून काम मिळत असेल आणि ट्रेनरचे पैसे बाजूला काढलेले असतील तर शेफर्ड. पट्टा न सोडण्याची शिस्त असेल तर कारवान. दोन्ही नसेल तर दत्तक देणाऱ्या संस्थेतला दोन-तीन वर्षांचा देशी कुत्रा, ज्याचा स्वभाव आज बघून ठरवता येतो. दीड वर्षाचे, दमलेल्या मालकांनी सोडून दिलेले शेफर्डही अशा ठिकाणी मिळतात.

पिल्लूच हवं असेल तर २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात. स्वभाव आणि खुबा सांगत नाहीत. खुब्याचे एक्स-रे मागा. पिल्लाची आई समोर आणायला सांगा, तिच्याजवळ अर्धा तास बसा. ‘आई गावाला आहे, फोटो पाठवतो’ असं उत्तर आलं तर चहा न घेता निघा.