सुगंधी जांभळा गुलाब म्हणून घेतलेले चौदा खुंट

डिसेंबर २०२३ मधील एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मनीषनगरातील आमच्या गल्लीत रोपांची एक हातगाडी येऊन थांबली आणि पुढच्या तीन दिवसांत माझे व माझ्या भरवशावर पैसे दिलेल्या तीन शेजारणींचे मिळून ६,६५० रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही, म्हणूनच अशा फसवणुकीची वाच्यता कोणी करत नाही. थंडी पडू लागली, की नागपुरात या गाड्या पुन्हा फिरू लागतात, त्यामुळे घडले ते सगळे, माझ्या मूर्खपणासह, लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

घरापुढे बारा फूट बाय वीस फुटांची जागा आहे आणि तेथे फिकट जांभळ्या रंगाचा सुवासिक गुलाब असावा, ही माझी जुनी इच्छा होती. माहेरी, धंतोलीच्या घरी, वडिलांनी ‘ब्लू मून’ लावला होता. जर्मनीतील गुलाबांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या टांटाऊ यांनी १९६४ च्या सुमारास आणलेली ही जात नावाने निळी असली, तरी तिचे फूल धुरकट जांभळे असते आणि त्याला लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा तीव्र गोड वास येतो. हा वास मला चाळीस वर्षांनंतरही ओळखता आला असता. तरीही मी फसले, याचे मला आजही वाईट वाटते.

गाडीवर मधोमध एकच कुंडी उंचावर ठेवली होती आणि तिच्यातल्या रोपावर जांभळे, टपोरे, अर्धवट उमललेले फूल होते. विक्रेता तिशीतला, बोलायला अतिशय मृदू होता. “हात लावून पाहा न ताई, जपानची व्हरायटी आहे. अशी नागपुरात कोनाकडे नाही भेटणार,” असे म्हणत त्याने कुंडी माझ्या नाकाशी आणली. वास घमघमत होता. मात्र तो गुलाबाच्या अत्तराचा होता, लिंबाचा मागमूसही त्यात नव्हता, आणि कुंडी खाली ठेवताना माझ्या मनगटाला घासलेल्या पानांनाही तोच वास येत होता. गुलाबाचा सुगंध मुख्यत्वे पाकळ्यांत असतो, त्याची पाने अशी घमघमत नाहीत, हे मला ठाऊक होते. पण समोर हवे तेच फूल दिसत असताना माणूस नाकावरही विश्वास ठेवत नाही.

ते रोप मी ३५० रुपयांना घेतले. आणखी हवी असल्यास दोन दिवसांत ‘डोळा भरलेली’, म्हणजे काटक रानटी गुलाबाच्या खुंटावर हव्या जातीचा कोंब बसवलेली, रोपे प्रत्येकी ४५० रुपयांना आणून देतो, पण पैसे आधी द्यावे लागतील, असे तो म्हणाला. मी आठ रोपे सांगितली. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते, परंतु मी स्वतः शेजारच्या काकूंना आणि समोरच्या दोघींना हाका मारून ते फूल दाखवले आणि त्यांच्याकडून आणखी सहा रोपांची मागणी नोंदवून घेतली. चौदा रोपांचे ६,३०० रुपये मी माझ्याच मोबाइलवरून पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर उमटलेले नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळे होते. विचारल्यावर “मेव्हण्याचा नंबर आहे, ताई” असे उत्तर मिळाले आणि मला ते पटले. पावती मागायचे सुचले नाही.

रोपे मात्र आली, आणि म्हणूनच कोणालाही संशय आला नाही. मंगळवारी दिवेलागणीला एक मुलगा चौदा पिशव्या उतरवून गेला. एकाही रोपावर कळी नव्हती. वाहतुकीत कळ्या गळतात म्हणून छाटून आणली, असे त्याने सांगितले. प्रत्येक खोडाला बुंध्यापासून वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी नीट गुंडाळलेली होती. नमुन्याच्या कुंडीतले फूल चौथ्या दिवशी मान टाकून वाळले, तेही मी जागाबदलाच्या खात्यावर टाकले. त्यानंतर रोपे जोमाने वाढली, इतकी की मी काकूंना अभिमानाने दाखवत असे. लांब, वाकड्या नख्यांसारख्या काट्यांच्या, हिरव्यागार फांद्या कुंपणावरून बाहेर झुकल्या. उन्हाळा आला, नवतपा गेला, पारा ४५ च्या वर असतानाही त्यांनी मान टाकली नाही. या रंगाचे बहुतेक गुलाब नाजूक असतात आणि विदर्भाच्या उन्हात त्यांची फुले राखाडी पडतात. इतका काटकपणा पाहूनच मला शंका यायला हवी होती.

पावसाळ्यानंतर छाटणी करताना एका खोडावरची पट्टी सालीत रुतलेली दिसली, म्हणून मी ती ब्लेडने कापून सोडवली. खाली साल अखंड होती. डोळा भरताना खुंटाच्या सालीवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद देतात, हव्या त्या जातीचा डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसह त्यात सरकवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा लागल्यानंतर त्याच्या वरचा खुंट छाटला जातो. इथे छेदच नव्हता. मी एकामागून एक चौदाही पट्ट्या सोडल्या आणि चौदाही ठिकाणी गुळगुळीत हिरवी साल निघाली. मग नमुन्याची कुंडी आणून पाहिली. वाळलेल्या फुलाचा देठ खुंटाच्या कापलेल्या शेंड्याला तिरपा जोडून हिरव्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता आणि ती पट्टी दोन पानांच्या बेचक्यात अशी दडवली होती, की वरून पाहणाऱ्याला दिसू नये. पुढच्या मार्चमध्ये चौदा रोपांतल्या एकाला झुबक्यांनी फुले आली, पांढरी, पाच पाकळ्यांची, रुपयाच्या नाण्याएवढी, म्हणजे रानटी खुंटाचीच.

ते जांभळे फूल कोठून आले असावे, हे मला सीताबर्डीच्या फूलबाजारात कळले. पॉलिहाउसमध्ये वाढवलेले या रंगाचे लांब देठांचे गुलाब तेथे जुडीने मिळतात. मी वास घेऊन पाहिला, तर तो नावापुरताच होता, म्हणजे आमच्या फुलावर अत्तर शिंपडले होते. ‘जपान’ हा शब्दही त्याने उगाच वापरला नव्हता. गुलाबात डेल्फिनिडिन हे निळसर रंगद्रव्य तयार करणारे जनुक नसल्याने खरा निळा गुलाब निसर्गात नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातील जनुक वापरून असा गुलाब तयार केल्याचे २००४ मध्ये जाहीर केले आणि २००९ मध्ये तो तेथे विक्रीस आणला. तोही प्रत्यक्षात फिकट जांभळाच दिसतो. जनुकीय बदल केलेले झाड सरकारी मंजुरीशिवाय आपल्या देशात आणता येत नाही, तेव्हा ते मनीषनगरातल्या हातगाडीवर येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी तक्रार केली तेव्हा जवळजवळ वर्ष उलटले होते. तो मोबाइल क्रमांक बंद होता. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली गेली, पण पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी, म्हणजे काही तासांत कळवले तरच ते गोठवता येण्याची शक्यता अधिक असते, हे तेव्हा समजले. शेजारणींचे २,७०० रुपये मी परत केले. समोरच्या दोघींनी ते घेतले. काकूंनी आधी नाही म्हटले आणि नंतर घेतले, आणि तेव्हापासून झाडांविषयी त्या मला काहीही विचारत नाहीत.

आता रोप घेताना मी फुलाकडे शेवटी पाहते. आधी पट्टी सोडून जोड दाखवायला सांगते. खऱ्या कलमावर तेथे गाठ किंवा फुगवटा असतो आणि वरच्या फांद्या त्या गाठीतूनच निघालेल्या असतात. गाठीखालून, विशेषतः मातीतून वर आलेली फूट रानटी खुंटाची असते. सात पर्णिकांचे, म्हणजे एका देठावर सात छोटी पाने असलेले, पान म्हणजे जंगली, असे अनेकजण सांगतात, परंतु कित्येक चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. फूल असलेल्या फांदीला हलकेच ओढून पाहायला विक्रेत्याने हरकत घेतली, तर मी तेथून निघते. बियांपासून जांभळा गुलाब देण्याच्या जाहिराती तर वाचतही नाही, कारण गुलाबाच्या बीला आईचे फूल जसेच्या तसे येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एका रोपवाटिकेतून, फुलावर असताना, गाठ तपासून मी ‘ब्लू मून’चे एकच रोप आणले. आमच्या काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून त्यासाठी वाळू आणि शेणखत मिसळून वाफा उंच केला. सकाळचे ऊन मिळते आणि मार्चपासून दुपारी हिरवी जाळी असते. पहिले फूल उमलले तेव्हा मी आधी पान चोळून हुंगले. त्याला फक्त पानाचाच वास होता.

फसवून दिलेले खुंट मी उपटले नाहीत. खुंट म्हणून ते अव्वल आहेत, हे दोन उन्हाळ्यांनी सिद्ध केले आहे. फेब्रुवारीत ‘ब्लू मून’चे तीन डोळे काढून या खुंटांपैकी तिघांवर मी स्वतः भरले. दोन काळे पडले. तिसरा अजून हिरवा आहे.