सोलर झटका मशीन: कुरणावरच्या क्रॉस वासरांसाठी घ्याच

होल्स्टीन (दुधाच्या जातीच्या) गाईंना अँगस (मांसाच्या जातीचा) वळू भरवून झालेली वासरं आम्ही मांसासाठी गवतावरच वाढवतो, आणि त्यांच्यासाठी हे कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं मशीन खरंच फार कामाचं निघालं. पॉलीवायरची (प्लास्टिकच्या धाग्यांत बारीक धातूच्या तारा विणलेली) एक तार वासराच्या नाकाच्या उंचीला ओढायची बस, एकदा नाक टेकलं की पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. त्यामुळे कुरणाचे तुकडे पाडून दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलता येते, गवत 8-10 सेंमी उरलं की लगेच पुढे हलवायचं, कारण नवा फुटवा लगेच परत खाल्ला गेला की मुळं कमजोर होतात आणि अगदी बुडाशी चरलं तर जंतांच्या अळ्याही जास्त पोटात जातात. डेअरीचं रक्त असल्याने ही जनावरं अंगावर मांस धरायला वेळ घेतात, म्हणून कोवळं गवत सतत मिळणं फार महत्त्वाचं.

तक्रार एकच, सोबत दिलेली अर्थिंगची सळई फारच आखूड आहे, जमीन सुकली की झटका पार मंदावतो. लांब गॅल्वनाइज्ड सळया वेगळ्या घ्या आणि ओलसर जागी खोल ठोका, तारेला गवत टेकू देऊ नका, नाहीतर करंट तिथेच उतरतो. बॅटरी ढगाळ दिवसांतही टिकली, त्याबद्दल पूर्ण मार्क.